हा फोटो कोणी काढवून घेतला? : छायाचित्रातील व्यक्तिचित्राची एक कसोटी

१. प्रस्तावना

परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक म्हणून वर्गात फिरताना हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहावा लागतो. एकदा एका विद्यार्थिनीने फोटोवर पटकन हात ठेवला आणि म्हणाली, "सर, मी अशी दिसत नाही हो." नियमाप्रमाणे फोटोत काहीच खोट नव्हती. पार्श्वभूमी पांढरी होती, चेहरा समोर होता, प्रकाश सारखा होता. ती ओळखूही येत होती. तरीही तो फोटो तिला स्वतःचा वाटत नव्हता.

तिची तक्रार मला गंभीरपणे घ्यावीशी वाटते, कारण व्यक्तिचित्रणाच्या इतिहासातला मुख्य वाद तिच्यात आहे. चेहरा हुबेहूब उमटणे आणि माणूस चित्रात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून व्यक्तिचित्र पाहताना प्रकाशयोजना, रचना आणि भाव यांच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे चित्र कोणी काढवून घेतले, आणि त्यात फोटोसाठी बसणाऱ्याचा वाटा किती होता?

२. तंत्राने घातलेल्या अटी

लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला चांगल्या उन्हातही कित्येक मिनिटे लागत. इमारत तेवढा वेळ स्थिर राहते, माणूस राहत नाही. त्यामुळे व्यक्तिचित्र ही सुरुवातीला भिंगाची अडचण होती.

ती बरीचशी दूर केली जोसेफ पेट्झवाल या व्हिएन्नातील गणितज्ञाने. आधीचे भिंग साधारण एफ/१५ चे होते. १८४० मध्ये त्यांनी गणिताने आखलेले भिंग एफ/३.६ च्या आसपासचे होते. पत्र्यावर पोहोचणारा प्रकाश एफ-अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १५ ला ३.६ ने भागून वर्ग केला की सुमारे १७ येतात, म्हणजे तेवढ्याच वेळात सुमारे १७ पट प्रकाश. पत्र्यावरील रसायनेही सुधारली आणि बसण्याचा वेळ मिनिटाच्या आत आला. तरीही डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत.

हे लक्षात ठेवले तर एक नेहमीची चूक टळते. जुन्या फोटोंतील ताठ, गंभीर चेहरे पाहून 'त्या काळची माणसे करारी होती' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्यातला काही भाग त्या टेकूचा आणि लांबलेल्या सेकंदांचा असतो. उपकरणाची मर्यादा माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडू नये.

पुढे १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. भेटीच्या कार्डाएवढे हे फोटो स्वस्त पडत. ज्यांना चित्रकाराकडून स्वतःचे चित्र करवून घेणे कधी परवडले नसते, असा मध्यमवर्ग स्टुडिओत येऊ लागला.

३. माणूस की नमुना?

याच काळात भारतात कॅमेरा अगदी वेगळ्या कामालाही लागला. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारला आपल्या प्रजेची 'ओळख' हवी होती. त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, त्याच्या जातीचे किंवा जमातीचे आहे. सोबतच्या मजकुरात त्या समाजाचा स्वभाव आणि कधी कधी सरकारवरील निष्ठाही नोंदवलेली आहे.

तांत्रिकदृष्ट्या यांतील अनेक छायाचित्रे उत्तम आहेत. त्वचेचा पोत, कपड्यांच्या घड्या आणि दागिने स्पष्ट दिसतात. पण बसणाऱ्याने हे चित्र मागितलेले नाही, ते त्याच्या घरी जाणार नाही आणि त्याखालचा मजकूर त्याला कोणी विचारून लिहिलेला नाही. चेहरा इथे पुराव्यासारखा वापरला आहे.

अशा चित्रांचा परिणाम चित्रातल्या माणसापुरता राहत नाही. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला असताना त्यांनी आणि त्यांच्या मुलाने, सय्यद महमूदने, इंडिया ऑफिसात हा ग्रंथ पाहिला. त्यांनी लिहून ठेवले आहे की, तिथे एका तरुण इंग्रजाने महमूदला विचारले, तू हिंदुस्थानी का? महमूद लाजला, हो म्हणाला आणि लगेच सांगू लागला की, आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज बाहेरून आलेले होते. ग्रंथाने केलेला अपमान त्याला लागला, पण तो नाकारण्याऐवजी त्याने तो इतरांकडे ढकलला. वर्गवारी करणारे चित्र हेच शिकवते: बाकीचे 'तसले', मी मात्र वेगळा.

४. दीनदयाळ यांचा स्टुडिओ

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे नाव आवर्जून लक्षात ठेवावे. मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात (आजची आयआयटी रुडकी) शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. छायाचित्रण हा छंद होता, तोच पुढे व्यवसाय झाला. हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते.

त्यांच्या स्टुडिओत येणारा माणूस कशासाठी येतो हे पाहा. खुर्ची, टेबल, पुस्तक, रंगवलेला पडदा हे सगळे त्याच्या प्रतिष्ठेसाठी मांडलेले असते. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. कोण पाहणार आणि कोण नाही, हे बसणारीच्या अटीवर ठरवणारी ही व्यवस्था होती.

मात्र म्हणून 'इंग्रजांचा कॅमेरा वाईट, आपला चांगला' असे सोपे समीकरण मांडता येत नाही. निजामाच्या राज्यात औरंगाबाद भागात चाललेल्या दुष्काळी मदतकार्याची छायाचित्रेही दीनदयाळ यांच्याच स्टुडिओची आहेत. तिथे भुकेली माणसे समूह म्हणून दिसतात, राज्याच्या सत्कार्याचा दाखला म्हणून. छायाचित्रकार तोच, कसबही तेच. पण स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाकडे नाव आणि पैसा होता, रांगेतल्या माणसाकडे दोन्ही नव्हते.

५. 'अंतरंग' दाखवण्याचा दावा

चांगले व्यक्तिचित्र माणसाचे अंतरंग उघड करते, असे सर्रास म्हटले जाते. या मताच्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. त्यांनी १८६७ मध्ये काढलेला शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो पाहा. अंधारातून पुढे आलेला वृद्ध चेहरा, विस्कटलेले पांढरे केस आणि बाकी काहीही नाही. चित्र विलक्षण आहे. पण हर्शेल हे त्यांचे तीस वर्षांचे स्नेही होते. तो चेहरा कॅमेऱ्याने हिसकावलेला नाही, ओळखीने दिलेला आहे.

आपल्याकडे तर अंतरंग हा हेतूच नसतो कधी कधी. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या पुस्तकात मध्य प्रदेशातील नागदा या गावच्या स्टुडिओंचा अभ्यास केला आहे. तिथल्या गिऱ्हाइकाला आहे तसे दिसायचे नसते, त्याहून चांगले दिसायचे असते. पडद्यावरचा बंगला किंवा हातातला टेलिफोन पाहून आपण हसतो. पण तो माणूस फसवत नाही, आपली इच्छा सांगतो. ती इच्छा त्याच्या चेहऱ्याइतकीच खरी आहे.

६. समारोप

व्यक्तिचित्राचे आकर्षण मला याच ठिकाणी दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाचा फोटो आपल्याला थांबवतो, कारण त्याने आपल्यासमोर कसे यायचे हे स्वतः ठरवलेले असते. ज्या चित्रात त्याला हे ठरवू दिलेले नाही, त्यात चेहरा कितीही स्पष्ट असला तरी माहितीच उरते.

माहितीची गरज नाही असे नाही. हॉल तिकिटावर फोटो लागतोच, आणि मीही तो ताडून पाहणारच. पण त्या विद्यार्थिनीचे म्हणणे बरोबर होते. तो फोटो तिची खूण होता, तिचे व्यक्तिचित्र नव्हते. आज आपल्या चेहऱ्याचे फोटो प्रवेशद्वारांवर आणि यंत्रांत न विचारता घेतले जातात. अशा वेळी हा फरक ओळखता आला पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या घरातील सर्वांत जुना फोटो पाहा. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी काढवून घेतला, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा.

२. तुमचे ओळखपत्र आणि तुम्ही स्वतः निवडलेला एक फोटो शेजारी ठेवा. दोन्हींतील कोणते निर्णय तुमचे होते?

३. दुष्काळ किंवा पूर यांच्या बातमीतील एखादे छायाचित्र निवडा. त्यातील व्यक्तीचे नाव दिले आहे का? दिले नसेल तर चित्राच्या अर्थात काय फरक पडतो?