सातबारा ऑनलाइन झाला, पण बदल कळवला कोणी?

जमीन-हक्कांच्या डिजिटल माहितीप्रणालीवर संशोधन करायचं म्हटलं, की पहिला मोह होतो वेग मोजण्याचा. उतारा मिळायला आधी किती दिवस लागायचे, आता किती मिनिटं लागतात? या कसोटीवर महाराष्ट्राची प्रणाली चांगलीच उतरते. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो, हेलपाटे वाचतात. पण माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे. जमिनीवरचा बदल प्रणालीला कळतो कसा, हे आधी तपासा.

खरेदीखत घ्या. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, की ई-फेरफारमधून माहिती महसूल खात्याकडे जाते. गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरला जातो, नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

आता वारसा घ्या. चाकणजवळचा एखादा शेतकरी वारला, तर कुठलाच दस्त होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळवणाऱ्यानेच तीन महिन्यांत कळवायचं. ‘ई-हक्क’वर अर्ज करता येतो, मान्य. पण घरातल्या भावाने अर्जात सासरी गेलेल्या बहिणीचं नावच घातलं नाही तर? कलम 157 म्हणतं, नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. म्हणजे ती खोडून काढण्याचं ओझं बहिणीवर. चुकीची नोंदही प्रणाली तितक्याच झटपट घरपोच देते.

शहरात अडचण वेगळी. संत तुकाराम नगरसारख्या वस्तीत माणसं इमारतींत राहतात. सातबारा मात्र जमिनीच्या तुकड्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेला त्यात रकाना नाही. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालं नसेल, तर उताऱ्यावर जमिनीचा जुना मालकच दिसत राहतो.

आयएसओ 19152 हे 2012 चं मानक पक्षकार, हक्क आणि जागा यांची वेगवेगळी मांडणी करतं. त्याचा अभ्यास जरूर करा. पण तुमच्या आराखड्यात प्रत्येक बदलासाठी तीन तारखा ठेवा: घटना घडली कधी, कळवली कधी, प्रमाणित झाली कधी. सोबत, कळवलं कोणी, तेही लिहा. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर पोर्टल कितीही वेगवान केलं तरी आपोआप कमी होत नाही. प्रबंधाचा प्रश्न तिथे शोधा.