जिद्दीच्या कथेतले गाळलेले वाक्य

मुलींनी विज्ञानाकडे वळावे म्हणून आपल्याकडे एक कथा हमखास सांगितली जाते. कमला भागवत (पुढे सोहोनी) १९३३ साली बी.एस्सी. होऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. स्त्री-वैज्ञानिकांवरील ‘लीलावतीज डॉटर्स’ (२००८) या संग्रहातही त्यांच्यावर लेख आहे.

कथा खरी आहे, अन्यायही खरा आहे. माझा आक्षेप ती सांगण्याच्या पद्धतीला आहे.

सभांतून, शाळांतून सांगणारे जिद्दीपाशी थांबतात. कमलाबाईंचे वडील व चुलते त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे वाक्य एक तर गळते किंवा घाईने उरकले जाते. त्यांना दारात अडवले गेले. पण दार कुठे आहे हे त्यांच्या घराला ठाऊक होते. हा वारसा जिद्दीच्या खात्यावर जमा केला की, वारसा नसलेली मुलगी आपोआप जिद्द नसलेली ठरते.

शिवडीच्या आमच्या चाळीत विज्ञान नव्हते. यंत्र मात्र होते. माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. नुसत्या आवाजावरून ती मशीनचा बिघाड ओळखी. पण मशीन उघडणारा फिटर पुरुषच असे. विणकाम खात्यात तर अस्पृश्यांना मज्जावच होता, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. यंत्राजवळ कोणी जायचे हे या शहरात जातीने ठरवले आहे. मुलींना ‘आवड नसते’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

घरातली पहिली पदवीधर मी. अकरावीला विज्ञान घेतले होते. क्लासची फी परवडत नव्हती, एका खोलीत सातजण, आणि अडलेले गणित विचारायला कोणी नाही. बारावीनंतर विज्ञान सोडले. आज मराठी शिकवते. कित्येक वर्षे मी समजत होते, माझीच जिद्द कमी पडली.

शिक्षक मित्रांनो, कमलाबाईंची कथा जरूर सांगा, पण ते वाक्य गाळू नका. मग वर्गाला विचारा, घरी अडलेले विचारायला कोणाला कोण आहे? ज्या मुलींचे हात खालीच राहतील, त्यांचे वडील आणि चुलते होण्याची जबाबदारी शाळेची, कॉलेजची आणि आपल्या चळवळीची आहे.