कुंभाराचं गाढव आणि उद्योगांची करसवलत



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा अर्थसंकल्पावर हे मास्तर काय बोलणार, अशी शंका इथे काहींच्या मनात असेल. ती रास्त आहे. आकडे जुळवणं हे अर्थशास्त्राचं काम. पण 'यामुळे ते झालं' असं कुणी म्हटलं, की तो विषय आमच्या घरचा होतो. आणि आपलं सरकार, कुठल्याही पक्षाचं असो, गेली साठ वर्षं हेच म्हणत आलंय : सवलत दिली म्हणून उद्योग आला, आणि उद्योग आला म्हणून नोकऱ्या आल्या. या वाक्यात दोन 'म्हणून' आहेत. आज आपण ते दोन्ही तपासू.

आधी योजना काय ती पाहू. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मुंबई, ठाणे, पुणे याच पट्ट्यात कारखाने दाटलेत, ते बाहेर जावेत, हा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पुढे १९७९, ८३, ८८, ९३, २००१, २००७, २०१३, २०१९ अशा तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पडले. जितका तालुका मागास, तितकी सवलत जास्त. पूर्वी विक्रीकर माफ व्हायचा किंवा काही वर्षांनी भरायची मुभा मिळायची. २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून कंपनी कर भरते आणि राज्याच्या वाट्याच्या कराइतकी रक्कम, पूर्ण किंवा काही अंशी, अनुदान म्हणून परत घेते.

आता पहिला 'म्हणून'. आपल्या न्यायशास्त्रात मडक्याचं उदाहरण आहे. मडक्याची कारणं कोणती? माती, चाक, दांडा, कुंभार. मग माती वाहून आणणारं गाढव? तेही मडक्याच्या आधी हजर होतंच की! पण नैयायिक त्याला कारण मानत नाहीत. माती बैलगाडीतून आली असती तरी मडकं झालंच असतं. अशा गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आमचा प्रश्न एवढाच आहे, की करसवलत हे कुंभाराचं चाक आहे, की गाढव?

उदाहरणाला लांब जायला नको. आपल्या तालुक्यातलं किर्लोस्करवाडी घ्या. बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज दिलं, आपल्या संस्थानात बोलावलं, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या बत्तीस एकर माळावर कारखाना उभा राहिला. ही सवलतच होती, नाही का? पण इथे ती चाकाच्या जागी होती. ती नसती तर कारखाना कदाचित झाला असता, पण या माळावर झाला नसता. तेव्हा सवलती सगळ्याच फुकट जातात, असं आम्ही म्हणत नाही. पलूसमध्ये उभं राहून तसं म्हणणं हा कृतघ्नपणा होईल.

पण औंधच्या राजांसमोर एक माणूस होता, त्याची एक अडचण होती, आणि नेमकी तीच त्यांनी दूर केली. आजची योजना तशी नाही. अटीत बसेल त्या प्रत्येकाला सवलत. ज्याचा निर्णय बंदर, वीज, पाणी, कुशल कामगार पाहून आधीच झालाय, त्यालाही. अमेरिकेत टिमोथी बार्टिक या अर्थशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये तिथल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. सवलतीमुळे निर्णय फिरला असे उद्योग त्यात शंभरात दोन ते पंचवीस निघाले. उरलेले पंचाहत्तर ते अठ्ठ्याण्णव सवलत न मिळती तरी तेच करणार होते. अमेरिकेचा आकडा महाराष्ट्राला जसाच्या तसा लावू नये, हे मान्य. पण हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही, ही आमची तक्रार आहे.

दुसरा 'म्हणून' याहून कच्चा आहे. सवलतीची कमाल मर्यादा कशावर ठरते? स्थिर भांडवली गुंतवणुकीवर, म्हणजे इमारत आणि यंत्रं यांवर. पन्नास माणसांचं काम करणारं यंत्र आणलं तर ती मर्यादा वाढते. पन्नास माणसं घेतली तर त्या हिशेबात ती वाढत नाही. विशाल प्रकल्पाची व्याख्या बघा : अमुक कोटींची गुंतवणूक 'किंवा' अमुक इतका रोजगार. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही शिकवायचो, की 'किंवा' जोडलेल्या विधानाची एक बाजू खरी असली की पुरे. म्हणजे योजना रोजगाराच्या नावाने आणि दरवाजा मात्र गुंतवणुकीचा. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्या अशी अट आहे खरी. पण शंभर जागांतल्या ऐंशी आणि दहा जागांतल्या आठ, अट दोन्हीकडे पाळली जाते!

२०२२ चा सप्टेंबर आठवा. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला. केवढा गदारोळ झाला! कुणी किती सवलत देऊ केली, कुणी कमी पडलं, यावर महिनाभर भांडण चाललं. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्या नोकऱ्यांवरून आपण भांडलो, त्या तेव्हा कुठेच नव्हत्या.

याच कंपनीने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याला १३ हजार नोकऱ्या कबूल केल्या होत्या. राज्याने जवळपास ३ अब्ज डॉलरपर्यंतची सवलत देऊ केली. २०२१ मध्ये नवा करार झाला : १,४५४ नोकऱ्या आणि ८ कोटी डॉलर. तिथे निदान करारात प्रत्यक्ष नोकऱ्या मोजायची अट होती, म्हणून सवलतीचा पैसा वाचला. रस्ते आणि जमिनीवर झालेला खर्च मात्र झालाच.

आता हा पैसा कुणाचा? २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर आहे. म्हणजे परत दिलेला प्रत्येक रुपया आपण कर्जाने परत देतोय. तोच रुपया आयटीआयच्या शिक्षकाला मिळाला असता, पुरात बुडणाऱ्या रस्त्याला मिळाला असता. घोषणेत 'उद्योगांना सवलत' असं ऐकताना हे दुसरं टोक दिसत नाही.

इथे शेजारची एक आठवण सांगतो. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पाग्यांनी एक प्रयोग केला. त्यातून पुढे रोजगार हमी आली. १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. त्या हमीसाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. सभागृहातल्या पगारदारांनो, तुमच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ना, तोच हा. आम्हीही वर्षानुवर्षं भरला. त्यात राज्याने स्वतःचे तेवढेच पैसे घालायचे. म्हणजे याच महाराष्ट्राने एकदा रोजगारासाठी कर सोडला नव्हता, लावला होता. आणि त्या कामावर हजेरीपट होता. कुणाचं नाव, किती दिवस, किती मजुरी, सगळं लिहिलेलं. खोटे हजेरीपटही झाले, ठाऊक आहे आम्हांला. पण ते पकडता आले, कारण मुळात हजेरीपट होता. खडी फोडणाऱ्या बाईकडून आपण अंगठा घेतला. कोट्यवधींचं अनुदान घेणाऱ्याकडून काय घेतो?

आमचा एक जुना विद्यार्थी अशाच सवलतीतल्या एका कारखान्यात होता. सात वर्षं कंत्राटदाराकडून लागला, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. तो आम्हांला विचारायचा, "सर, सरकारच्या आकड्यात मी एक धरलाय का सात?" आम्हांला उत्तर देता आलं नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की आपण नाही दिलं तर शेजारचं राज्य देईल. खरं आहे. पण हे राज्यांनाही कळत होतं. नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत ठरलं, की १ जानेवारी २००० पासून विक्रीकराच्या सवलती बंद. एकट्याने थांबणं अवघड म्हणून सगळ्यांनी मिळून थांबायचं. पुढे तीच सवलत प्रोत्साहन अनुदान या नावाने परत आली. करार मोडला म्हणून तो चुकीचा होता असं ठरत नाही.

तेव्हा आमचं मागणं साधं आहे. सवलत द्या, पण तीन गोष्टी मांडून. एक, ही नसती तर उद्योग आला असता का, याचं लेखी उत्तर. दोन, 'किंवा'च्या जागी 'आणि'. तीन, दर अधिवेशनात विधिमंडळापुढे अनुदानाचा हजेरीपट : कंपनी, दिलेली रक्कम, आणि वर्षभर प्रत्यक्ष कामावर असलेली माणसं, कायम किती नि कंत्राटी किती. जीएसटीपासून हा पैसा खर्चाच्या बाजूला आलाय. एकूण रक्कम दिसते, तिच्यासमोर माणसं दिसत नाहीत. ती दाखवायला नवा कायदाही लागू नये, एक तक्ता पुरेल.

आपल्या औद्योगिक वसाहतीजवळून सकाळी पुण्याच्या एसटीत चढणारी पोरं आम्ही रोज पाहतो. त्यांच्या नावावर हा पैसा मागितला जातो. पुढच्या वेळी आमदार गावात आले की हार-तुरे झाल्यावर हा तक्ता तेवढा मागा.

आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आम्हांला घाई नाही.