सहा खटक्यांची गिटार

‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या ‘रेड स्पेशल’ या गिटारचं कौतुक बहुतेक वेळा तिच्या लाकडापासून सुरू होतं. जुन्या शेकोटीच्या चौकटीतलं महोगनी तिच्या मानेला लागलं. आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं पट्टीवर खुणा म्हणून बसली आणि मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ट्रेमोलोत गेल्या. १९६३ साली लंडनजवळच्या फेल्टममध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनने आणि त्याच्या वडिलांनी, हॅरल्ड मे यांनी, हे वाद्य घरीच करायला घेतलं आणि दोनेक वर्षांत पुरं केलं. गोष्ट मोठी गोड आहे. पण तिच्या नादात या वाद्यातली सर्वांत प्रतिभावान जागा नजरेआड होते. ती जागा म्हणजे तारांच्या खालच्या अंगाला असलेले सरकवायचे सहा छोटे खटके.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीज उमटते. ब्रिजजवळ तारेचं हेलकावणं लहान, म्हणून तिथला आवाज धारदार. मानेकडे ते मोठं, म्हणून तिथला आवाज गोल आणि भरीव. तीन पिकअप म्हणजे एकाच तारेकडे तीन ठिकाणांहून लावलेले तीन कान. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला असे तीन पिकअप होते, पण त्यांच्या स्विचला जागा तीनच, आणि प्रत्येक जागेवर एकच पिकअप बोलायचा. वादकांनी स्विचची दांडी दोन जागांच्या मध्येच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायची युक्ती काढली. कारखान्यातून पाच जागांचा स्विच यायला १९७७ उजाडलं. कोणते आवाज उपयोगाचे हे कारखान्याने आधीच ठरवून टाकलं होतं. फेल्टमच्या बापलेकांनी तसं काहीच ठरवलं नाही, आणि मला त्यांच्या वायरिंगमधलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

रचना बघा. प्रत्येक पिकअपला दोन खटके. एक चालू-बंदचा, दुसरा फेज उलटा करायचा. शिवाय एक व्हॉल्यूम, एक टोन. बस. पिकअप आहेत बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक. आधी मेने स्वतःच वेटोळी गुंडाळून पिकअप केले होते, पण तार ओढून सूर चढवला की त्यांतून नको तो आवाज यायचा, म्हणून हे विकत आणले आणि शिट्टी मारू नयेत म्हणून आतून अ‍ॅराल्डाइटने भरून टाकले.

खरी करामत जोडणीत आहे. स्ट्रॅटवर दोन पिकअप एकत्र वाजतात ते समांतर जोडणीत. रेड स्पेशलमध्ये ते एकसर जोडणीत आहेत: पहिल्याचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या पहिल्या टोकाला. दोघांचा विजेचा दाब एकमेकांत मिळतो, आवाज जाड होतो, मधल्या पट्टीत त्याला मांस चढतं. मेचा नेहमीचा सूर, म्हणजे ब्रिज आणि मधला पिकअप एका फेजमध्ये, हा असा घडतो.

इथे एक बारकावा माझ्या फार आवडीचा आहे. एकसर जोडणीत एखादा पिकअप बंद करायला त्याची तार तोडली तर सगळी साखळीच तुटेल आणि गिटार मुकी होईल. म्हणून इथला ‘बंद’ खटका काही तोडत नाही, तो त्या वेटोळ्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो. विजेला वळसा न घेता सरळ पुढे जायची वाट मिळते आणि ते वेटोळं गप्प बसतं.

फेजचा खटका त्याहून साधा. वेटोळ्याच्या दोन टोकांची अदलाबदल, एवढंच त्याचं काम. सहा पायांच्या स्विचवर कोपऱ्यातले पाय तिरके जोडून ती होते. मग हिशेब सुरू होतो. एकच पिकअप चालू असेल तर फेजने कानाला फरक पडत नाही, म्हणजे आवाज ३. जोड्या तीन, प्रत्येकीचे दोन प्रकार, म्हणजे ६. तिन्ही चालू असतील तर सगळे एका दिशेचे, नाहीतर तिघांपैकी कुणीतरी एक उलटा, म्हणजे ४. एकूण १३ वेगळे आवाज, आणि एकही निवड आधी कुणी गाळलेली नाही.

उलट्या फेजच्या जोड्या स्वभावाने विचित्र असतात. दोन पिकअप तारेचं जे हलणं सारखंच टिपतात, ते एकमेकांना खोडून टाकतं. मूळ स्वर दोन्हीकडे जवळपास सारखा पोचतो, म्हणून तो सर्वांत जास्त खोडला जातो. तंबोऱ्यात ज्या उपस्वरांतून स्वयंभू गांधार ऐकू येतो, तसे वरचे उपस्वर मात्र तारेच्या वेगवेगळ्या बिंदूंवर वेगवेगळे वागतात, म्हणून ते वाचतात. उरतो तो पातळ, नाकातला, पण आरपार जाणारा आवाज. गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारचा विख्यात सूरही असाच, पण तिथे एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. रेड स्पेशलमध्ये हाच आवाज वादकाच्या बोटाशी ठेवलेला आहे, हवा तेव्हा घ्यायला.

तो कसा घेतला जातो, हे क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या (१९७५) सोलोत ऐकावं. गाण्याची कडवी गायक फ्रेडी मर्क्युरीच्या पियानोने वेढलेली. दुसरं कडवं संपता संपता गिटार वर येते, मानेकडचा आणि मधला पिकअप, उलट्या फेजमध्ये. ही जोडी एरवी कृश वाटली असती. पण एकसर जोडणीमुळे खोडाखोडीनंतरही थोडं बळ उरतं, आणि ट्रेबल बूस्टरने डिवचलेला व्हॉक्स एसी-३० अ‍ॅम्प्लिफायर त्या उरलेल्या आवाजाला फुगवून सूर लांबवतो. म्हणून सूर किंचाळल्यासारखा तीक्ष्ण असूनही गाणारा राहतो. खालचा पियानो आणि बास यांना तो अजिबात धक्का देत नाही, कारण त्यांच्या जागेतला भाग त्याच्यात उरलेलाच नसतो. शेवटची घसरती तान पियानोच्या तुटक ठोक्यांवर येऊन थांबते, तोवर हा पातळपणा जाणवतसुद्धा नाही.

उणीव आहे, आणि ती लपण्यासारखी नाही. ब्रिज-मधला या जोडीवरून मान-मधला उलटा यावर जायचं तर तीन खटके हलवावे लागतात, तेही वाजवता वाजवता. स्ट्रॅटची दांडी एका बोटाने सरकते. म्हणूनच बाजारात याच कल्पनेचे सुटसुटीत अवतार येतात: एकच फिरता स्विच, त्यावर निवडक पाच-सहा जोड्या. मला ते पटत नाहीत. गती मिळते, पण पुन्हा दुसऱ्याच कुणीतरी उरलेले आवाज आधीच नापास केलेले असतात.

आपल्या तीन सिंगल-कॉइलच्या गिटारीवर ही जोडणी करता येते. जागा, सहा स्लाइड स्विच आणि स्थिर हाताने दिलेले डाग एवढं लागतं. मात्र पिकअपला धातूचं झाकण असेल आणि ते वेटोळ्याच्या एका टोकाला जोडलेलं असेल, तर ती जोड आधी सोडवून झाकणाला अर्थची स्वतंत्र तार द्यावी. नाहीतर फेज उलटताच ते झाकण सिग्नलचा भाग होईल आणि हात लागला की गुणगुणेल. शेवटी दोन-दोन पिकअप चालू करून एक जाड तार छेडावी. फेजचे खटके सरळ असतानाही खर्ज नाहीसा झाला, तर त्या दोघांपैकी एकाची टोकं उलटी लागली आहेत.