‘ऑथेल्लो’ नाटकांतील काळाची योजना

देवलांच्या ‘झुंझारराव’मुळें (१८९०) ‘ऑथेल्लो’चें कथानक मराठी रसिकांस परकें राहिलेलें नाहीं. शेक्सपियरच्या या नाटकावरील एक जुना आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. नायक सायप्रस बेटावर उतरतो, त्याच रात्रीं उत्सव होतो आणि कॅसिओ मद्याच्या नशेंत आपली जागा गमावून बसतो. दुसऱ्या दिवशीं डेस्डिमोना त्याच्यासाठीं रदबदली करते, इयागो ऑथेल्लोच्या मनांत संशय पेरतो, आणि प्रसंगांचा धागा धरून पाहिल्यास त्याच रात्रीं तिचा वध होतो. प्रवासांतही ऑथेल्लो, कॅसिओ व डेस्डिमोना हीं निरनिराळ्या जहाजांतून आलेलीं. मग ज्या व्यभिचाराबद्दल ती मारली जाते, त्याला अवसर होता कोठें?

उलट, कॅसिओनें सात दिवस तोंड दाखविलें नाहीं म्हणून बियांका रुसते; रुमाल चोरण्याविषयीं नवऱ्यानें शंभरदां गळ घातली, असें एमिलिया म्हणते. म्हणजे नाटकांत दोन घड्याळें चालतात, एक धांवणारें व एक संथ. जॉन विल्सन यानें १८४९-५० मध्यें ‘ब्लॅकवुड’ मासिकांत या दुहेरी काळाची विस्तृत चर्चा केली. प्रेक्षक दिवस मोजीत बसत नाहीं, हें यावरचें नेहमींचें समाधान. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. दोष लपला एवढ्यानें त्याची कला होत नाहीं.

मूळ कथा इटालियन लेखक चिंथिओ याची, १५६५ सालची. तींत पतिपत्नी व्हेनिसमध्यें कांहीं काळ सुखानें नांदतात, संशय सावकाश वाढतो, आणि खूनही आधीं बेत ठरवून, अपघात भासेल अशा रीतीनें होतो. संथ काळ असा आयता हातीं असतां शेक्सपियरनें तो टाकून दिला. कां?

याचें उत्तर पहिल्या अंकांत आहे. नाटकाचा आरंभ सायप्रसमध्येंच केला असता तर त्याची रचना जवळजवळ पूर्ण नियमबद्ध झाली असती, असें डॉ. जॉन्सननें १७६५ च्या आवृत्तींत म्हटलें. परंतु मग व्हेनिसच्या सभेंतील तो न्यायनिवाडा आपणांस दिसला नसता. तुर्कांचें आरमार निघालें आहे, मध्यरात्रीं सभा भरली आहे. तरीही ड्यूक आरोप करणाऱ्या बापाचें ऐकतो, ऑथेल्लोचेंही ऐकतो. आणि डेस्डिमोनेला बोलावून तिची साक्ष घ्या, अशी मागणी खुद्द ऑथेल्लो करतो. युद्ध दाराशीं असूनही तेथें न्यायाला वेळ मिळतो.

आतां शेवटचा अंक पाहा. कॅसिओला बोलावून विचारा, असें डेस्डिमोना म्हणते. मागणी तीच, पण कॅसिओ मारला गेला असें ऑथेल्लो धरून चालला आहे. ती अर्ध्या घटकेची भीक मागते, तीही मिळत नाहीं. आणि लागलीच, त्याच खोलींत, एमिलियेच्या चार शब्दांनीं रुमालाचें कपट उघडें पडतें. रॉडरिगोच्या खिशांतील पत्रें उरलेलें सांगतात. सत्य कांहीं क्षणांवर येऊन ठेपलें होतें!

धांवतें घड्याळ हें अशा रीतीनें इयागोचें साथीदार आहे. कॅसिओ आणि ऑथेल्लो यांची एक मोकळी भेट झाली असती तर त्याचा डाव कोसळला असता. संथ घड्याळाचें काम याहून हलकें: संशय शक्य कोटींतला वाटावा, एवढेंच. तें सर्वत्र सफाईनें बसलेलें नाहीं. ऑथेल्लोला परत बोलावणारा व्हेनिसचा हुकूम इतक्या लवकर कसा आला, हा सांधा वाचकाला खुपतोच. पण तेवढें न्यून पत्करून नाटककारानें जें साधलें तें मोठें आहे. परक्याच्या न्यायासनापुढें साक्षीदार मागणारा मनुष्य स्वतः न्यायासनावर बसतांच साक्षीवांचून शिक्षा देतो, ही या शोकांतिकेची खरी वेदना; आणि ती शब्दांनीं न सांगतां केवळ काळाच्या मांडणीनें सांगितली आहे.