गवत कापणाऱ्याची कंबर

वारली चित्रातल्या माणसाकडे आपण पुष्कळदा पाहतो, पण त्याच्या कंबरेपाशी आपली नजर क्वचितच रेंगाळते. वरून निमुळता होत आलेला एक त्रिकोण, खालून निमुळता होत गेलेला दुसरा, आणि दोघांची टोके जिथे एकमेकांना अलगद स्पर्श करतात तो एवढासा बिंदू : सारा देह त्या बिंदूवर तोललेला असतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने ही आकृती उमटते. चेहऱ्याच्या जागी नुसता एक ठिपका, हातापायांच्या जागी बारीक रेघा. तरीही हा माणूस नाचतो आहे, ओझे वाहतो आहे की विसावला आहे, हे आपल्याला लांबूनही कळते, कारण त्याची सगळी भाषा त्या दोन त्रिकोणांमधल्या कोनात साठवलेली असते.

आता त्याला कापणीला वाकलेला पाहू या. खालचा त्रिकोण पाय रोवून स्थिर आहे आणि वरचा पुढे कलंडला आहे. इतका, की छातीचा पाया जवळजवळ जमिनीला सामोरा आला आहे. एका रेघेच्या टोकाला विळ्याची चंद्रकोर, दुसरीच्या टोकाला मुठीत धरलेली पाती. शेजारी तशीच दुसरी आकृती, तिच्या शेजारी तिसरी, आणि या साऱ्यांच्या कलण्यातून एक लय निर्माण होते. तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचातली साखळी पाहताना जो आनंद आपल्याला होतो, त्याच जातीचा आनंद ही ओळ देते. मात्र नाचात तो मधला बिंदू वळणारा असतो, कापणीत तो सोसणारा असतो. चित्रकाराने चेहरा काढला नाही म्हणून दुःख लपले असे होत नाही; चेहऱ्यावर जे लिहिता आले असते ते त्याने कंबरेवर लिहिले आहे.

हे लेखन नीट वाचायचे तर मिरा रोडच्या शांती नगरातून फार दूर जावे लागत नाही. मिरा रोडहून गाडी पकडावी, भाईंदर सोडून वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडावा, विरार मागे टाकावे, आणि पालघर-डहाणूच्या वाटेवर पूर्वेकडे डोंगरपायथ्याच्या वरकस माळांकडे पाहत राहावे. भाताला जे खोलगट, पाणी धरणारे खाचर लागते ते इथे नाही. उताराची, पातळ मातीची ही जमीन पावसाळाभर गवतच पिकवते. आश्विनात पाऊस मागे सरतो तेव्हा या माळांवर पवन्या, मारवेल आणि कुसळी कंबरभर उभी असतात. वाऱ्याची झुळूक आली की त्यांच्या तुऱ्यांवरून एक तांबूस छटा सरकत जाते, आणि हिरव्याचे सोनेरी होण्यापूर्वीचा तो क्षण डोळ्यांना जितका सुखद, तितकाच कापणाऱ्याला निकडीचा असतो. फुलोऱ्यात कापलेले गवत कसदार; दाणा धरून ते वाळू लागले की त्याचा कस उतरतो आणि काडी तेवढी उरते.

मग येते वाळवण, आणि तिथे या कामातले खरे मर्म आहे. ताज्या गवतात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते. साठवायचे तर ते जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्श्यावर आणावे लागते. ओले रचले तर गंजी आतल्या आत तापते, बुरसते, कधी पेटतेही. फार तापवले तर हिरवा रंग उडतो, आणि रंगाबरोबर सत्त्वही. उत्तरेकडच्या बागायती रानांत बरसीम किंवा आपल्याकडे लसूणघास वाळवणाऱ्यांची परीक्षा आणखी नाजूक असते, कारण तिथे देठ ओला असतानाच पाने वाळून गळू लागतात. म्हणून ते चारा सकाळी, दहिवराचा ओलावा अंगावर असताना, हलक्या हाताने उलटतात. माळावरच्या गवताला इतके लाड लागत नाहीत. तरी ऊन, वारा आणि परतून येणारी एखादी सर यांचा अंदाज घेत पसरणे, उलटणे, गोळा करणे आणि पेंढ्या बांधणे यांत जी जाण लागते ती हाताच्या आणि नाकाच्या शहाणपणाची असते. नीट वाळलेल्या गवताचा तो उबदार, किंचित गोड वास आपण छातीभर घेतो तेव्हा खरे तर त्या शहाणपणालाच दाद देत असतो.

या वासाच्या आतच कष्ट आहेत. कुसळी गवताचे बीज पाहिलेत? टोकाशी सुईसारखी अणी, मागे लांब, पीळ पडलेले केसाळ शेपूट. हवेतला ओलावा बदलला की तो पीळ उलगडतो आणि पुन्हा आवळतो, आणि बीज स्वतःला फिरवत मातीत शिरते. निसर्गाने एवढ्याशा कुसळात घडवलेले हे गिरमिट थक्क करणारे आहे. पण तेच धोतराच्या सोग्यातून, लुगड्याच्या ओच्यातून, मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंतही पोचते. वरून ऑक्टोबरचे ऊन, खाली गवतात दडलेल्या फुरशाची भीती, पात्यांच्या धारेने बोटांवर उमटलेल्या चिरा, आणि प्रत्येक मुठीसाठी एकदा वाकणे. संध्याकाळी भारा डोक्यावर चढतो तेव्हा दिवसभर वाकलेल्या कंबरेला त्याच भाराखाली सरळ उभे राहावे लागते.

एके काळी हे गवत मुख्यतः मुंबईसाठी कापले जाई. शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी त्यावर जगत, त्यांचे दूध चाळीचाळींत पोचे, आणि वरकस माळांचे मालक व व्यापारी त्यावर गबर होत. कापणारा वारली आदिवासी मात्र वेठीने वा नाममात्र मजुरीवर राबे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या मेळाव्यात वेठ नाकारण्याचा निर्धार झाला, आणि त्याच वर्षी पावसाळा सरताच गवतकापणीचा संप उभा राहिला. मागणी होती ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या जागृतीची कहाणी सांगितली, आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्या मागणीकडेही एखाद्या चित्राकडे पाहावे तसे पाहायला मला आवडते. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. किती मुठी, किती वेळा वाकणे, किती कुसळे, हे ज्यांचे कोणीच कधी मोजले नव्हते त्यांनी आपल्या श्रमाला वजन आणि त्या वजनाला किंमत मागितली. चित्रातल्या दोन त्रिकोणांना जे प्रमाणाचे भान आहे तेच या मागणीत आहे : इतका भार, इतका मोबदला, ना कमी ना अवास्तव.

वारली चित्रकला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच मुलखातले, १९३४ साली जन्मलेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषांची कीर्ती दूरदेशी गेली तरी त्या रेषा ज्या जगातून आल्या ते रानाचे, शेताचे, अंगमेहनतीचेच होते, आणि म्हणूनच त्यांतला आनंद पोकळ वाटत नाही. वाकणे आणि नाचणे एकाच बिंदूतून होते हे ती कला जाणते. आपणही रसिक म्हणून तेवढेच जाणून घ्यावे : माळावरची तांबूस लाट, वाळत्या गवताचा गोड वास आणि कापणीची ती लयदार ओळ यांवर जीव जडवावा, पण दाद द्यायची ती भाऱ्याच्या वजनासकट द्यावी, कारण व्यापाऱ्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी ते वजन कोणाच्या तरी कंबरेने तोललेले असते.