मोजदादीची समीक्षा : के-पॉप गट आणि त्यांचा चाहतावर्ग

प्रस्तावना

दक्षिण कोरियातील लोकप्रिय संगीताचा, म्हणजेच के-पॉपचा, विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. एक अंग अर्थकारणाचे असते. निर्यात, नफा आणि शासकीय धोरण हे त्याचे विषय होत. दुसरे अंग समाजशास्त्राचे असून तरुणाई, जागतिकीकरण आणि माध्यमे यांची चर्चा त्यात येते. या दोन्ही अंगांत चाहता हा ग्राहक किंवा अनुयायी म्हणून गृहीत धरला जातो. तो समीक्षकही असू शकतो, ही शक्यता फारशी विचारात घेतली जात नाही. के-पॉपच्या चाहत्यांनी गेल्या तीन दशकांत गटांविषयी जी अखंड चर्चा केली, तिला स्वतःची पद्धती आहे, निकष आहेत आणि वादही आहेत. या चर्चेचे प्रधान साधन मोजदाद हे आहे. सदस्य किती, प्रत्येकाच्या वाट्याला गाण्यातील सेकंद किती, कराराची वर्षे किती, मते किती, विक्री किती, असे प्रश्न चाहते सतत विचारतात. ही मोजदाद वरवर पाहता बालिश वाटते. परंतु तिच्यामागे न्यायाची एक कल्पना उभी आहे. या कल्पनेचे बळ आणि तिची मर्यादा यांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गट : संख्येतून घडलेला कलाप्रकार

के-पॉपच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९९२ मध्ये पदार्पण केलेल्या 'सिओ तायजी अँड बॉईज' या तिघांच्या गटापासून मानला जातो. रॅप, रॉक आणि नृत्य यांचा कोरियन भाषेशी त्यांनी घातलेला मेळ नवा होता. दूरचित्रवाणीवरील पहिल्या सादरीकरणाला परीक्षकांनी कमी गुण दिले. श्रोत्यांनी मात्र तो निर्णय मानला नाही. गुण देणारे परीक्षक आणि ते नाकारणारा श्रोता यांच्यातील हा तणाव पुढील संपूर्ण इतिहासात टिकून राहिला.

तथापि आज ज्याला 'आयडॉल गट' म्हटले जाते तो प्रकार १९९६ मध्ये एस.एम. एंटरटेनमेंटने उभ्या केलेल्या एच.ओ.टी. या गटाने स्थिर केला. सिओ तायजी स्वतः गीत-संगीत रचणारा कलावंत होता. एच.ओ.टी. हा निर्माता ली सू-मान यांनी निवडून, शिकवून, जुळवून तयार केलेला संच होता. त्याच्या नावातच 'हाय-फाइव्ह' आहे. १९९७ मध्ये आलेल्या प्रतिस्पर्धी 'झेक्स कीस' गटाच्या नावात जर्मन भाषेतील 'सहा' आहे. पुढे २०१५ मधील 'सेव्हन्टीन' या गटाने तर नावाचे स्पष्टीकरण बेरजेने दिले : तेरा सदस्य, तीन उपगट आणि एक संघ मिळून सतरा. अशा गटात प्रमुख गायक, रॅपर, नर्तक, नेता आणि सर्वांत धाकटा सदस्य अशी स्थाने ठरलेली असतात. म्हणजे चाहत्यांनी मोजायला सुरुवात करण्यापूर्वीच निर्मात्यांनी कलाकृती संख्येच्या आधारे रचलेली होती. चाहत्यांची मोजदाद बाहेरून लादलेली नसून ती या प्रकाराच्या रचनेतूनच उद्भवते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

सेकंदांचा हिशेब

नवे गीत प्रसिद्ध झाले की चाहते त्यातील प्रत्येक सदस्याच्या ओळींचा कालावधी मोजतात आणि तक्ते तयार करतात. सेकंदांचा असा हिशेब आस्वादाला मारक आहे, असा आक्षेप घेणे सोपे आहे. एखाद्या नाटकातील पात्रांची वाक्ये मोजून नाट्यसमीक्षा होत नाही, हेही खरेच. परंतु येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. नाटकातील गौण पात्र ही संहितेची गरज असते. आयडॉल गटातील सदस्याला कमी ओळी मिळतात तेव्हा तो निर्णय पुष्कळदा संहितेचा नसून व्यवस्थापनाचा असतो. त्या सदस्याने वर्षानुवर्षे प्रशिक्षणार्थी म्हणून काढलेली असतात आणि त्याचे पुढील काम त्याच्या दिसण्या-ऐकण्यावर अवलंबून असते. अशा वेळी चाहत्याचा तक्ता एका श्रमविभागणीचे वाचन करतो. गीत चांगले की वाईट याचे उत्तर तो देत नाही. गीतामागील वाटप न्याय्य आहे काय, असे मात्र तो विचारतो. रूढ संगीतसमीक्षेच्या कक्षेत हा प्रश्न क्वचितच येतो.

'फक्त तेरा' : संख्येची निष्ठा

सदस्यसंख्येविषयीच्या वादांतून मोजदादीचा दुहेरी स्वभाव अधिक स्पष्ट होतो. 'सुपर ज्युनियर' हा गट २००५ मध्ये बारा सदस्यांनिशी आला आणि २००६ मध्ये तेरावा सदस्य सामील झाला. चिनी बाजारपेठेसाठी २००८ मध्ये उपगट निर्माण करताना कंपनीने नवे सदस्य घेण्याचे ठरवले, तेव्हा चाहत्यांनी 'फक्त तेरा' अशी भूमिका घेऊन निदर्शने केली. इतकेच नव्हे तर कंपनीचे समभाग विकत घेऊन भागधारक म्हणून बोलण्याचा प्रयत्न केला. गट ही कंपनीची मनाप्रमाणे वाढवता-घटवता येणारी मालमत्ता नाही, हा या आंदोलनाचा आशय होता. तो महत्त्वाचा आहे. परंतु त्याच आंदोलनाची झळ उपगटात आलेल्या दोन नवोदित कलावंतांना बसली. त्यांनी कोणताही अन्याय केलेला नव्हता. संख्येवरील निष्ठेने माणसांचे रक्षण केले आणि माणसांना दूरही लोटले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तेरा वर्षे आणि सात वर्षे

मोजदादीचे सर्वांत गंभीर प्रकरण २००९ मध्ये घडले. डिसेंबर २००३ मध्ये पदार्पण केलेल्या 'टीव्हीएक्सक्यू' या पाच जणांच्या गटातील तीन सदस्यांनी जुलै २००९ मध्ये एस.एम. कंपनीविरुद्ध सोलच्या न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या तक्रारीच्या केंद्रस्थानी एक आकडा होता : तेरा वर्षांचा करार. न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना अंशतः अंतरिम दिलासा दिला. कोरियाच्या व्यापार आयोगाने २००९ मध्येच प्रसिद्ध केलेल्या आदर्श करारनाम्यात कराराची मुदत सात वर्षे ठेवण्यात आली होती. चाहत्यांनी या काळात दीर्घ मुदतीच्या करारांविरुद्ध सह्यांची मोहीम राबवली. पोस्टर आणि ध्वनिमुद्रिका गोळा करणारा वर्ग करारनाम्याची कलमे वाचू लागला.

बाहेर पडलेल्या तिघांनी २०१० मध्ये 'जेवायजे' हा गट स्थापला. परंतु दूरचित्रवाणीची दारे त्यांना बराच काळ बंदच राहिली. व्यापार आयोगाने २०१३ मध्ये त्यांच्या कार्यात अडथळा न आणण्याचा आदेश दिला आणि २०१५ मध्ये प्रसारण कायद्यात दुरुस्ती झाली. या दुरुस्तीला लोक गटाच्या नावानेच ओळखतात. मात्र याच काळात चाहतावर्गही दुभंगला. काही पाचांशी, काही उरलेल्या दोघांशी, तर काही बाहेर पडलेल्या तिघांशी एकनिष्ठ राहिले. पाच, दोन, तीन हे आकडे येथे राजकीय भूमिकांची नावे बनले. एकाच घटनेचे तीन इतिहास लिहिले गेले आणि प्रत्येक इतिहासात खलनायक वेगळा होता.

सात वर्षांच्या मुदतीलाही चाहत्यांनी पुढे 'सात वर्षांचा शाप' असे नाव दिले, कारण कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी अनेक गट विखुरतात. न्यायासाठी मिळवलेली मुदतच पुढे वियोगाची तारीख ठरली. अर्थात ही मुदत म्हणजे अपरिहार्य अंत नव्हे. १९९८ मध्ये आलेल्या 'शिनह्वा' गटाने २००३ मध्ये मूळ कंपनी सोडली, २०११ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि दीर्घ वादानंतर २०१५ मध्ये आपल्याच नावाचे व्यापारचिन्ह परत मिळवले.

२९,९७८ : आकड्याने दिलेली साक्ष

मोजदाद ही समीक्षा होऊ शकते याचा निर्णायक पुरावा २०१९ मध्ये मिळाला. एमनेट वाहिनीच्या 'प्रोड्यूस एक्स १०१' या स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांनी गट निवडला जात होता. १९ जुलै २०१९ रोजी अंतिम निकाल लागला. लागोपाठच्या क्रमांकांमधील मतांचा फरक २९,९७८ इतकाच पाच ठिकाणी येतो, हे चाहत्यांच्या ध्यानात आले. हा योगायोग असणे जवळजवळ अशक्य होते. चाहत्यांनी समिती स्थापून कायदेशीर कारवाई केली, पोलीस तपास झाला आणि नोव्हेंबरमध्ये निर्मात्यांना अटक झाली. मालिकेच्या चारही पर्वांत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि २०२० मध्ये मुख्य निर्मात्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या घटनेची किंमत मात्र कलावंतांनाही मोजावी लागली. स्पर्धेतून निवडलेला 'एक्स१' हा गट जानेवारी २०२० मध्ये विसर्जित झाला. सत्य बाहेर काढणारे आणि गट टिकावा म्हणून कळवळणारे, दोघेही चाहतेच होते. काही वेळा तर ती एकच व्यक्ती होती.

मोजदादीची दुसरी बाजू

अन्याय उघड करणारी ही मोजदाद उद्योगाच्या सेवेतही सहज रुजू होते. संगीत कार्यक्रमांतील साप्ताहिक क्रमांक विक्री, ऑनलाइन ऐकणे, दृश्यफितींची प्रेक्षकसंख्या आणि मतदान यांवर ठरतो. आपला गट मागे पडू नये म्हणून चाहते तेच गीत रात्रंदिवस वाजवत ठेवतात. कलावंताच्या भेटीची सोडत आणि अल्बममध्ये यादृच्छिकपणे ठेवलेली छायाचित्रे यांसाठी एकाच अल्बमच्या अनेक प्रती घेतल्या जातात. २०२३ मध्ये कोरियातील अल्बमविक्री प्रथमच दहा कोटी प्रतींच्या पुढे गेली. यांतील कितीतरी प्रती ऐकण्यासाठी घेतलेल्याच नव्हत्या. सेकंद मोजून कंपनीला जाब विचारणारा चाहता प्रती मोजून त्याच कंपनीचे विनावेतन काम करू लागतो. आणि दोन्ही कामांना तो 'प्रेम' हेच नाव देतो.

चर्चेचे आणखी एक रूप याहून विदारक आहे. आयडॉलच्या वजनापासून वागण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला गुण देण्याची सवय जडली की समीक्षा आणि छळ यांतील सीमा पुसट होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'एफ(एक्स)' गटाची माजी सदस्य सुली हिच्या निधनानंतर 'डाउम' या संकेतस्थळाने मनोरंजनविषयक बातम्यांखालील वाचकांच्या प्रतिक्रिया बंद केल्या. मार्च २०२० मध्ये 'नेव्हर' या संकेतस्थळानेही तेच केले. चर्चेची जागाच बंद करावी लागणे ही त्या चर्चेवरील सर्वांत कठोर टीका होय.

जे मोजले जात नाही

येथे पुन्हा आरंभाकडे वळणे उपयुक्त ठरेल. १९९५ मध्ये सिओ तायजी अँड बॉईजच्या चौथ्या अल्बममधील एका गीताच्या शब्दांवर पूर्वपरीक्षण करणाऱ्या समितीने आक्षेप घेतला. शब्द बदलण्याऐवजी गटाने ते गीत शब्दांविना, केवळ वाद्यसंगीताच्या रूपात प्रसिद्ध केले. चाहत्यांनी निषेध केला. गायक जोंग थे-चुन यांनी त्यापूर्वीपासून चालवलेला लढाही होताच. १९९६ मध्ये ध्वनिमुद्रणांची पूर्वपरीक्षण पद्धत रद्द झाली. त्या वादात चाहते ज्यासाठी भांडले ते शब्द होते, आशय होता. पुढील काळात चर्चेचा भर आशयाकडून वाटपाकडे सरकला. त्यामुळे एक गोष्ट मिळाली आणि एक हरवली. कलावंताच्या श्रमाकडे पाहण्याची दृष्टी मिळाली. गीताकडे गीत म्हणून पाहण्याची सवय क्षीण झाली.

तरीही श्रमाचा प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'न्यूजीन्स' गटातील हानी हिने राष्ट्रीय सभेच्या समितीपुढे कामाच्या ठिकाणी मिळालेल्या वागणुकीविषयी साक्ष दिली. त्यानंतरच्या महिन्यात कामगार मंत्रालयाच्या कार्यालयाने कामगार कायद्याच्या व्याख्येनुसार ती 'कामगार' ठरत नाही, असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्या गटाचा कंपनीशी असलेला करार वैध ठरवला. सेकंद, वर्षे, मते आणि प्रती यांचा इतका काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या या क्षेत्रात, काम करणारी व्यक्ती कोण, या मूलभूत प्रश्नापाशी कायद्याची गणना थांबते.

निष्कर्ष

१. के-पॉप चाहत्यांची चर्चा ही केवळ भक्ती किंवा उपभोग नसून तिला समीक्षेचे स्वरूप आहे. मोजदाद ही तिची पद्धती आणि वाटपातील न्याय हा तिचा निकष होय.

२. ही पद्धती कलाप्रकाराच्या संख्यानिष्ठ रचनेतून आलेली आहे. म्हणून तिला अज्ञान समजून बाजूला सारणे योग्य नाही. २००९ आणि २०१९ मधील घटनांत रूढ समीक्षेच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी तिने पाहिल्या.

३. हीच पद्धती उद्योगाच्या हाती विनावेतन श्रमाचे आणि कलावंतांच्या छळाचे साधन होऊ शकते. भेद आकड्यात नसून तो आकडा कोणासाठी मोजला जातो यात आहे.

४. मोजदादीच्या बाहेर राहिलेले गीत, त्याचे शब्द, स्वर आणि आशय, हे या समीक्षेचे अपूर्ण कार्य आहे. न्यायाचा प्रश्न न सोडता गीताकडे परतणारी चर्चाच तिला पूर्णत्व देऊ शकेल.